सरकारी खरेदीतले आमचे ४ टक्के : माझा अनुभव

केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या दरवर्षी जी खरेदी करतात, त्यातली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून व्हायला हवी आणि त्यातलेच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून, असा नियम आहे. मूळ आदेश २०१२चा. तेव्हा एकूण वाटा २० टक्के होता; २०१८ साली तो २५वर नेला आणि महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के ठेवले. नियमाला इतकी वर्षं झाली, तरी आमच्या तालुक्यात तो माहीत असलेला माणूस शोधावा लागतो.

मी कोकणा आदिवासी. माहेर नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातलं, शिलाईचं युनिट दिंडोरीकडे. कॅनव्हासच्या हत्यारांच्या पिशव्या, किटबॅगा आणि रस्त्यावर काम करणारे घालतात ती रिफ्लेक्टिव्ह जॅकेटं आम्ही शिवतो. मशीनवरच्या बहुतेक बाया सुरगाणा-पेठच्या, आधी द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या. पहिली सरकारी ऑर्डर मिळेपर्यंत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते, कारण मला हे तुकड्यातुकड्याने, दहा जणांना विचारून गोळा करावं लागलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावाने. जातीचा दाखला लग्नाआधीचा, वडिलांच्या नावाने. पॅन आणि आधार सासरच्या आडनावाने. आमच्या आजोबांच्या शाळेचा १९५०च्या आधीचा उतारा वडिलांनी जपून ठेवला होता, त्यामुळे जात सिद्ध करायचा प्रश्नच नव्हता. दाखल्यावरची बाई आणि पॅनवरची बाई एकच, हे मात्र कागदावर दाखवायचं होतं. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं, राजपत्रात नावातला बदल छापून आणला आणि दाखल्यासकट सगळं एकाच पीडीएफमध्ये जोडलं. आजही प्रत्येक निविदेला तीच फाइल जाते. लग्न झालेल्या बायांना मी हे सगळ्यात आधी सांगते. जात माहेरची असते, दाखलाही माहेरच्या नावाचाच राहू द्या. दोन नावांना जोडणारा कागद तेवढा पक्का करा.

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, त्यामानाने सोपी. आधार आणि पॅनवर होते, फी लागत नाही, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पण तिथे एक जागा नीट वाचण्यासारखी आहे. कामाचा प्रकार निवडताना तुम्ही उत्पादक आहात की व्यापारी, हे तिथेच ठरतं. व्यापारी म्हणून नोंदणी मिळते, पण सरकारी खरेदीतली सवलत मिळत नाही. ती स्वतः माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

याच टप्प्यावर एक ठेकेदार घरी आला. दाखला तुमचा, माल आमचा, तुम्ही फक्त सही करा आणि टक्केवारी घ्या, असं त्याचं म्हणणं. भागीदारीत ५१ टक्के हिस्सा आमचा असावा लागतो हे त्याला पाठ होतं. तो हिस्सा कागदापुरता ठेवायचा एवढीच त्याची अट. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हे पुष्कळ ठिकाणी चालतं आणि मला त्याची मनापासून चीड येते. अशी प्रत्येक ऑर्डर आकडेवारीत आदिवासी उद्योगाची म्हणून जमा होते, आणि आमच्या वस्तीत तिच्यामुळे एक मशीनही येत नाही.

मग जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. नोंदणी, बँक खात्याची पडताळणी, मालाचे फोटो, हे सगळं भाच्याने बसून केलं. माझं खरं शिक्षण झालं ते बिडची, म्हणजे पोर्टलवरच्या निविदेची, कागदपत्रं वाचताना. अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून लघुउद्योगाला सूट आहे की नाही, हे प्रत्येक बिडमध्ये लिहिलेलं असतं. सूट नसेल तर आमच्यासारख्या नव्या युनिटने तिथे वेळ घालवू नये. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम आम्हाला माफ असते. ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा अनामत मात्र माफ नसते. ती मागितली असेल तर भरावीच लागते, म्हणून तेवढे पैसे आधीच बाजूला काढायचे.

पिशव्यांच्या बाबतीत आमच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. फक्त लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या अशा ३५८ वस्तूंची यादी आहे. तिच्यात चामड्याच्या, सुती, कॅनव्हासच्या, तागाच्या सगळ्या प्रकारच्या पिशव्या येतात. म्हणजे मोठ्या कंपनीशी गाठच नाही. तरी आमचे पहिले नमुने नापास झाले. कॅनव्हासचं वजन बरोबर होतं, शिलाई बरोबर होती, पण हँडल जिथे पिशवीला जोडतात तिथे चौकोन शिवून आत फुली मारलेली हवी होती, आणि पिशवीच्या दिलेल्या नकाशात, म्हणजे ड्रॉइंगमध्ये, ती रेघ इतकी पुसट होती की छापील प्रतीवर दिसतच नव्हती. आमच्या कटिंग मास्टर ताईंनी मोबाइलवर नकाशा मोठा करून ती शोधली. त्या दिवसापासून नकाशा आधी त्या बघतात, मग मी दर काढते.

दर काढणं हेच खरं कसब. कापडाच्या पन्ह्यात किती तुकडे बसतात, कटिंगमध्ये किती वाया जातं, धागा, बक्कल, मजुरी, वीज, गाडीभाडं, जीएसटी आणि पैसे अडकतील त्या काळाचं व्याज. हे शेवटचं पुष्कळजण धरत नाहीत. जॅकेटांच्या निविदेत सगळ्यात कमी दर एका व्यापारी फर्मचा होता. नियम असा की सर्वांत कमी दर लघुउद्योगाचा नसेल, आणि आपला दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दरावर उतरायची संधी मिळते. तयार झालात तर ऑर्डरचा चौथा हिस्सा तुमचा. आम्ही ८ टक्के वर होतो. रात्री बसून पुन्हा हिशोब केला. जॅकेटांवरची चमकणारी टेप थेट उत्पादकाकडून घेतली तर जमत होतं, थोडं का होईना, सुटत होतं. होकार कळवला आणि ऑर्डर आली.

माल वेळेत गेला, पैसे मात्र लांबले. माल घेणाऱ्या कार्यालयातल्या एका साहेबांची बदली झाली होती आणि नव्यांच्या टेबलावर फाइलच पोचली नव्हती. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५नुसार ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर कलम १६नुसार बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मी भांडले नाही. दोन्ही कलमं लिहून, माल स्वीकारल्याच्या प्रमाणपत्राची प्रत जोडून साधं पत्र दिलं. पैसे आले. आले नसते तर थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, ती तयारीही ठेवली होती.

आता मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरलेच नाहीत, किंवा अटींत बसले नाहीत, तर ते ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढायचे, असं त्याच आदेशात आहे. प्रत्यक्षातला आमचा वाटा ४ टक्क्यांच्या बराच खाली राहत आला आहे, आणि उरलेलं काम रीतसर दुसऱ्याकडे जातं. त्यात नियम मोडल्याचं कुणाला वाटतही नाही. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येक युनिटला सांगते, ऑर्डर लागो न लागो, बिड भरा.

सध्या पेठच्या एका ताईंचे कागद जुळवतेय. त्या बांबूच्या टोपल्या आणि ट्रे बनवतात, हात सफाईदार आहे, नोंदणी कसलीच नाही. त्यांच्याही दाखल्यावर एक नाव, पॅनवर दुसरं. राजपत्राचा अर्ज गेल्या आठवड्यात गेलाय. नाव छापून आलं की उद्यमला बसायचं.