दुसरा सबवूफर जोडला आणि बेस कमी झाला: माझा अनुभव

सबवूफर (किंवा नुसता सब) म्हणजे फक्त बेस, म्हणजे खालचे जड आवाज, वाजवणारा स्पीकर. माझ्या होम थिएटरच्या रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अॅम्पच्या, मागे ‘सबवूफर 1’ आणि ‘सबवूफर 2’ असे दोन जॅक होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘7.2’ छापलं होतं, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सब. कुणालाही वाटेल की दोन सब वेगवेगळे सांभाळले जाणार. तसं काही नाही. आत दोन्ही जॅक एकमेकांनाच जोडलेले, सिग्नल एकच. एका केबलच्या दोन करणाऱ्या साध्या वाय-स्प्लिटरने जे होतं, तेच कंपनीने मागच्या पत्र्यावर दोन भोकं पाडून केलंय. हे मॅन्युअलमध्ये कुठेही सरळ लिहिलेलं नाही आणि याचा राग मला अजून आहे, कारण त्यापायी तीन रविवार गेले.

जोडणीत अवघड काही नसतं. आठ मीटरची शिल्डेड आरसीए केबल स्कर्टिंगच्या कडेने नेली. ती विजेच्या वायरला समांतर न्यायची नाही, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडायची. सबवर ‘एलएफई’ लिहिलेला इनपुट (सबच्या स्वतःच्या फिल्टरला वळसा घालणारा) असेल तर तोच वापरायचा. नसेल तर सबचा लो-पास नॉब (ठरावीक हद्दीच्या वरचे आवाज अडवणारा) शेवटपर्यंत उजवीकडे फिरवायचा, नाहीतर रिसीव्हरचा आणि सबचा असे दोन क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सब यांच्यात आवाज वाटणाऱ्या हद्दी, एकावर एक बसतात. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचा बेस सबकडे जातो), क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ. झाली जोडणी.

आता अडलं कुठे ते सांगतो. पहिला सब टीव्हीशेजारी, बसायच्या जागेपासून 12 फुटांवर. दुसऱ्याला पुढे जागाच नव्हती, म्हणून तो सोफ्याच्या उजव्या हाताशी ठेवला, कानापासून 3 फूट. दोघांचे गेन (सबवरचे आवाजाचे नॉब) असे लावले की बसायच्या जागी एकेकटा वाजवला तर सारखाच ऐकू यावा. जवळच्याचा गेन त्यासाठी बराच खाली आणावा लागला. मग दोन्ही चालू केले, तर तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणाच गेला. पोकळ थाप तेवढी उरली. अगदी खालची घरघर मात्र वाढलेली. दोन सब चालू असताना एकापेक्षा कमी बेस!

यूएसबीवर चालणारा मोजणीचा माइक लॅपटॉपला लावला आणि रूम ईक्यू विझार्ड या फुकट सॉफ्टवेअरवर 15 ते 200 हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, वाजवून मोजला. माइक कानाच्या उंचीवर, स्टँडवर. हातात धरायचा नाही. तीन ग्राफ घेतले: फक्त पुढचा, फक्त जवळचा, मग दोन्ही. 25 हर्ट्झला दोघांची मिळून 4 डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) वाढ होती. 40 ला वाढ जवळपास काहीच नाही. आणि 62 ला एकेकट्यापेक्षा 12 डीबी खाली, सरळ खड्डा.

कारण साध्या गणिताचं आहे. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे एका फुटाला साधारण 0.9 मिलिसेकंद. दोन सबच्या अंतरात 9 फुटांचा फरक, म्हणजे 8 मिलिसेकंद. 62 हर्ट्झच्या एका आवर्तनाला 16 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे पुढच्या सबची लाट कानाशी पोचते तेव्हा जवळच्याची अर्धं आवर्तन पुढे गेलेली असते. एक दाबते तेव्हा दुसरी ओढते. दोघी सारख्याच जोराच्या असल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. मी लेव्हल इतक्या नेमक्या जुळवल्या होत्या, म्हणूनच खड्डा एवढा खोल पडला.

उपाय उघड आहे: जवळचा सब 8 मिलिसेकंद उशिरा वाजवायचा. आणि नेमकं तेच करता येईना. रिसीव्हर विलंब ठरवतो तो अंतराच्या आकड्यावरून, आणि मेनूत सबच्या अंतराचा आकडा एकच! तो बदलला की दोन्ही सब एकत्र मागे-पुढे सरकतात, आपसातला फरक तसाच राहतो. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर स्वतः माइकने मोजून स्पीकर जुळवतो ती सोय) पुन्हा पुन्हा चालवलं. ते दोन्ही सबना एकच समजून मोजतं आणि खड्डा भरायला 62 वर जोर वाढवत बसतं. तो जोर फुकट जातो, कारण जेवढं वाढवाल तेवढंच कटतं, अॅम्प मात्र तापतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं की ‘सर, दोन्ही आउटपुट व्यवस्थित चालू आहेत ना?’ चालू होते हो!

मग जवळच्या सबचा फेज स्विच, म्हणजे लाट उलटी करणारा, 0 वरून 180 वर केला. 62 चा खड्डा लगेच भरला, 40 ला साडेचार डीबी वाढही मिळाली. पण 20 हर्ट्झला दोन सब मिळून एकाइतकेच वाजू लागले. स्विच सगळ्याच फ्रीक्वेन्सी सारख्या उलटवतो, म्हणून वरचं दुरुस्त होतं आणि तळाचं बिघडतं. ज्यांना फक्त गाणी ऐकायची आहेत त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. गोल फिरणारा फेज नॉबही खऱ्या विलंबाची जागा घेत नाही, प्रत्येक फ्रीक्वेन्सीला त्याचा परिणाम वेगळा.

शेवटी रिसीव्हर आणि सब यांच्यामध्ये एक छोटा मिनीडीएसपी, म्हणजे प्रत्येक सबला वेगळा विलंब देता येणारी डबी, बसवला. रिसीव्हरचा एकच सब आउट त्यात, त्यातून दोन सबना दोन केबल. जवळच्या सबच्या चॅनेलला 8 मिलिसेकंद विलंब, फेज परत 0. पुढचा ग्राफ बघून जीव भांड्यात पडला: 25 पासून 80 पर्यंत सगळीकडे 5 ते 6 डीबी वाढ, खड्डा गायब. डग्गा परत आला.

यात क्रम चुकवू नका. आधी दोन सब एकमेकांशी जुळवायचे, मग त्यांना एकच सब समजून ऑटो कॅलिब्रेशन चालवायचं. तेव्हा त्याने काढलेलं अंतर 12 फुटांपेक्षा जास्त येईल, ते खोडू नका. डीएसपीचा आणि सबच्या आतल्या सर्किटचा विलंब त्यात धरलेला असतो. त्यानंतर तो आकडा फूट-फूट बदलून पुढच्या स्पीकरसोबत 80 हर्ट्झच्या आसपास ग्राफ कुठे सर्वांत भरीव येतो ते पाहायचं.

पैसे वाचवायचे असतील तर दोन्ही सब बसायच्या जागेपासून सारख्या अंतरावर ठेवा, पुढच्या दोन कोपऱ्यांत किंवा डाव्या-उजव्या भिंतींच्या मधोमध. मग विलंबाचा प्रश्नच येत नाही. भिंतींच्या मधोमध ठेवल्यावर खोलीच्या रुंदीचा पहिला घुमाराही दबतो. माझ्याकडे एका बाजूला डायनिंग उघडं, तिथे भिंतच नाही. आणि एक पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला), एक बंद पेटीचा अशी जोडी शक्यतो टाळा. पोर्टच्या ट्यूनिंगजवळ दोघांच्या फेज वेगळ्या वळतात आणि एका विलंबाने त्या जुळत नाहीत.

माइक नसेल तर फोनवरच्या टोन जनरेटरमधून 40, 50, 60, 70 हर्ट्झचे टोन रिसीव्हरला देऊन एकेक वाजवा. कुणाला तरी एक सब बंद करायला सांगा. बंद केल्यावर आवाज वाढला, तर दोघे भांडतायत.

नवा रिसीव्हर घेणार असाल तर दुकानात मेनू उघडायला लावा. दोन सबसाठी अंतराचे दोन आकडे टाकता आले तरच ते दोन आउटपुट. ‘.2’ वर विश्वास ठेवू नका.

गुणगुण राहिलीच. दुसरा सब समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात लावल्यावर 50 हर्ट्झची बारीक घूं सुरू झाली. सबमधून आरसीए काढल्यावर ती थांबली, म्हणजे ग्राउंड लूप, दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलवाटे फिरणारा नकोसा करंट. सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून पाहिली, अर्धी गेली. उरलेली घूं दोन्ही सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर आणल्यावर गेली. काही जण थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसं अजिबात करू नका, सबच्या पाठीमागच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटरही नको, त्यातला ट्रान्सफॉर्मर तळाचा बेसच खातो, ज्यासाठी दुसरा सब आणला तोच.

आणि रात्री हळू आवाजात सब झोपून जात असेल तर सबचा गेन थोडा खाली घ्या आणि रिसीव्हरमधली सबची लेव्हल तेवढीच वर. ती -12 वर अडकलेली असली की ऑटो-ऑनला (सिग्नल आला की सब आपोआप चालू करणाऱ्या सोयीला) जागं व्हायला सिग्नलच पुरत नाही. माझी -4 वर आहे.