वय? लिवा की चाळीस!

आज कसबा बावड्यात आरोग्य सर्वेक्षणाचे फॉर्म भरत फिरले. "मावशी, वय?" "लिवा की चाळीस!" शेजारीण पंचेचाळीस, पलीकडची पन्नास. शून्य-पाचावर संपणाऱ्या वयांची ही गर्दी मोजायला व्हिपल निर्देशांक असतो: १०० म्हणजे त्या आकड्यांकडे ओढ नाही, ५०० म्हणजे सगळी वयं शून्य-पाचावरच.

पण खरी गोम कोऱ्या रकान्यात. सुनेला गर्भपाताचं विचारलं, तर सासूच दारातनं म्हणाली, "तसलं काय न्हाई आमच्यात." सून कुकर बघायच्या निमित्तानं आत. मी 'उत्तर नाही'चा कोड टाकला. 'नाही' टाकलं असतं तर फॉर्म चकाचक दिसला असता, आणि वरचे साहेबही खूश! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, तेही एकांत असेल तरच विचारतात. दोन खोल्यांच्या घरात एकांत आणायचा कुठनं?