टँजंट गॅल्व्हानोमीटर भंगारातून सोडवताना : माझा अनुभव

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधले जुने टँजंट गॅल्व्हानोमीटर (उभ्या कड्यावरच्या तारेच्या वेढ्यांतून, म्हणजे कॉइलमधून, वीज सोडली की मधली चुंबकसुई किती वळते त्यावरून करंट मोजायचं यंत्र) भंगारात निघाले होते. त्यातला एक तरी विभागाच्या काचेच्या कपाटात राहावा, एवढीच माझी इच्छा. एचओडी, प्राचार्य दोघांनी लगेच मान डोलावली. घोडं अडलं ऑफिसात.

डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाचं रजिस्टर, बघणाऱ्या साहेबांचा एकच घोषा: "सर, वस्तू चालू की बंद?" चालू असेल तर प्रॅक्टिकलला वापरा, बंद असेल तर निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून काढून, किलोवर घाला. जुनी म्हणून जपायची, असा रकानाच नाही! त्यात रजिस्टरमधली किंमत 38 रुपये 12 आणे. फॉर्मला आणे चालत नाहीत. 12 आणे म्हणजे 75 पैसे, हे मी तोंडी सांगून भागेना. "लेखी आणा, कोणाच्या तरी सहीने." नवे पैसे 1957 मध्ये आले, त्याला मी काय करू? मग ऑडिट, मग साहेबांची रजा, मग "फाइल वर गेलीय".

(पितळ चकचकीत करायला जाऊ नका. वरचा लॅकर निघतो आणि मग ते काळवंडतं.)

शेवटी वैतागून यंत्रच ऑफिसात नेलं. स्टीलच्या टेबलावर सुई भलतीकडेच तोंड करून बसली. लाकडी स्टूल आणवलं, सगळ्यांचे मोबाइल लांब ठेवायला लावले. तळाचे स्क्रू फिरवून लेव्हल केली, उभं कडं सुईच्या रेषेत आणलं, 50 वेढ्यांच्या टर्मिनलला सेल आणि करंट कमी-जास्त करायचा रिओस्टॅट जोडला. काटा हलत हलत 45 अंशांवर स्थिरावला. वायरी उलट केल्या, तेवढाच दुसऱ्या बाजूला. करंट कोनाच्या टँजंटच्या प्रमाणात. पुइये या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1837 मध्ये काढलेली युक्ती. सुईला एकीकडून पृथ्वी ओढते, दुसरीकडून कॉइल, म्हणून जवळ लोखंड नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने अशा सुया बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली, हेही ऐकवून घेतलं. राग होताच.

साहेब ढिम्म. पण शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "निर्लेखन कशाला? रजिस्टरात ठिकाण बदला ना! लॅबऐवजी विभागाचं कपाट. एचओडींची सही पुरते."

त्याच दुपारी सही झाली. आण्यांचा दाखला कोणी मागितलाही नाही. तुम्ही अशाच कामासाठी ऑफिसात जाणार असाल तर यंत्राच्या तळाखाली रंगाने लिहिलेल्या नंबराचा फोटो आधी काढून ठेवा, तो रजिस्टरशी जुळल्याशिवाय पान उघडत नाहीत. आणि थेट मॅडमच्या टेबलाकडे जा.