गाठीच्या आत नेमके किती अंश?

स्क्रीनवर ४१.६ दिसतं आणि खोलीतले सगळे निश्चिंत होतात. गाठ तापली, काम सुरू झालं. मला तेवढ्यावर समाधान वाटत नाही. तो आकडा सेन्सरच्या टोकाचा आहे, आणि ते टोक जेमतेम मिलिमीटरभर जागेत बसलंय. गाठ पाच-सहा सेंटिमीटरची. उरलेल्या गाठीत काय चाललंय ते कुणीतरी अंदाजानं सांगायचं असतं. वैद्यकीय भौतिकशास्त्र शिकलेली असल्यामुळे ते काम माझ्याकडे येतं.

उपचाराचं नाव हायपरथर्मिया. कर्करोगाची गाठ अँटेनांतून सोडलेल्या रेडिओलहरींनी तापवून साधारण तासभर ४० ते ४३ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि जोडीला रेडिओथेरपी किंवा केमोथेरपी द्यायची. एवढ्या उष्णतेनं पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा लंगडी पडते, रक्तप्रवाह वाढून गाठीला ऑक्सिजन जास्त मिळतो, आणि किरणांचा मारा अधिक लागू पडतो.

अंशभर इकडेतिकडे झालं तर एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारलं की मी सॅपरेटो आणि ड्यूई या संशोधकांचा १९८४ सालचा हिशोब मांडते. कुठल्याही तापमानाला घालवलेला वेळ त्यांनी ४३ अंशांच्या मिनिटांत बदलून दाखवला. ४३च्या वर दर अंशाला तेवढाच परिणाम निम्म्या वेळात होतो. खाली मात्र दर अंशाला चौपट वेळ लागतो. म्हणजे ४२ अंशांचा एक तास हा ४३ अंशांच्या फक्त १५ मिनिटांइतका, आणि ४१ अंशांचा तास चार मिनिटांनाही कमी पडतो. सेन्सर अर्धा अंश चुकीचा असेल तर डोस दुप्पट तरी दिसणार किंवा निम्मा तरी. रेडिओथेरपीत एवढी चूक कुणी चालवून घेणार नाही. इथे मात्र अर्धा अंश म्हटलं की लोक खांदे उडवतात. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवतही नाही.

खरा खोडसाळपणा रक्ताचा. हॅरी पेन्स यांनी माणसांच्या हाताच्या पुढच्या भागात बारीक थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) घालून आतलं तापमान मोजलं आणि १९४८ मध्ये एक समीकरण मांडलं. ऊतीतून वाहून जाणारी उष्णता, चयापचयाची उष्णता आणि रक्तानं नेलेली किंवा आणलेली उष्णता, असा त्याचा जमाखर्च. उपचाराआधी संगणकावर तापमानाचा नकाशा काढताना अजूनही बहुतेक वेळा तेच समीकरण वापरलं जातं. सोपं आहे, म्हणून टिकलंय. पण त्यात रक्त ऊतीत सगळीकडे सारखं झिरपल्यासारखं धरलेलं असतं. गाठीला खेटून एखादी जाड रक्तवाहिनी गेली असेल तर तिच्या बाजूची कड थंड राहते, आणि या समीकरणाला ते कळत नाही. शिवाय रक्तप्रवाह काही ठरावीक नसतो. निरोगी स्नायू तापला की त्याच्या वाहिन्या रुंदावतात, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे यंत्राची शक्ती, म्हणजे वॅट, तेवढेच ठेवले तरी तापमानाचा आलेख हळूहळू खाली येताना दिसतो. गाठीतल्या वेड्यावाकड्या वाहिन्यांना असं रुंदावणं नीट जमत नाही, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं.

म्हणून सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मी आकड्यापेक्षा उतार बघते. शक्ती चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत रक्ताला फरक पाडायला वेळ मिळालेला नसतो, त्यामुळे तापमान ज्या वेगानं चढतं त्यावरून तिथे किती ऊर्जा शोषली गेली ते कळतं. स्नायूत मिनिटाला एक अंश वाढ म्हणजे किलोमागे जवळपास ५८ वॅट. शक्ती बंद केल्यावर उतरण किती झपाट्यानं होते, त्यावरून रक्त तिथून किती उष्णता नेतंय याचा अदमास येतो. सत्र संपल्यावर दोन मिनिटं तरी प्रोब (आत घातलेला सेन्सर) काढू नका, असं मी सगळ्यांना सारखं बजावत असते ते यासाठीच.

प्रोबचंही एक आहे. साधा धातूचा थर्मोकपल रेडिओलहरींच्या क्षेत्रात स्वतःच तापतो आणि खोटं बोलतो. मग वाचनापुरती शक्ती थांबवायची, नाहीतर ऑप्टिकल फायबरचा प्रोब वापरायचा. मला फायबर आवडतो. नाजूक असतो, कॅथेटरमध्ये, म्हणजे गाठीत घातलेल्या बारीक नळीत, सरकवताना जीव मुठीत धरावा लागतो, तरीही.

सुई न टोचता मोजायचं तर एमआरआय आहे. पाण्यातल्या प्रोटॉनची कंप्रता अंशामागे दहा कोटीत एक भाग, एवढीशी सरकते. १.५ टेस्लाच्या यंत्रात हे साधारण ०.६४ हर्ट्झ होतं. पडद्यावरचा रंगीत नकाशा पाहून नवखे हरखून जातात. पण हा नकाशा सुरुवातीपासून किती फरक पडला तेवढंच सांगतो. चरबी अशी सरकत नाही, त्यामुळे तिथे तो मुका. श्वास, आतड्यातली हवा, तासाभरात चुंबकाचं स्वतःचं किंचित ढळणं, हे सगळं त्याला तापमानासारखंच दिसतं. ढळणं वजा करायला शेजारी तेलाच्या नळ्या ठेवतात, कारण तेलही चरबीसारखंच न सरकणारं.

आणि या सगळ्याच्या वर पेशंटचं तोंड. खोलवर कुठे जास्त तापलं तर माणूस बऱ्याचदा ‘गरम होतंय’ म्हणत नाही. ‘आत दाबल्यासारखं वाटतंय’ म्हणतो. हाडाजवळ, चरबी आणि स्नायूच्या सीमेवर असं होतं, आणि तिथे नेमका एकही प्रोब नसतो. असं ऐकलं की मी लगेच शक्ती उतरवते किंवा अँटेनांच्या फेज (लहरींची आपसातली वेळ) बदलून तापण्याची जागा हलवते. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ कातडी बधिर असेल तर ही सूचनाही मिळत नाही, मग तिथे वरून जादा सेन्सर चिकटवणं आलंच.

अहवालात डॉक्टरांना एकच आकडा हवा असतो. कमाल तापमान द्यायला मी तयार नसते. सगळ्यात जास्त तापलेला बिंदू उपचाराबद्दल फार थोडं सांगतो, थंड राहिलेला भागच पुढे त्रास देतो. मी टी-९० लिहिते, म्हणजे मोजलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदूंनी गाठलेलं किमान तापमान. शेजारी बिंदू किती होते आणि कॅथेटर गाठीच्या कुठल्या बाजूनं गेला होता तेही लिहिते, कारण सुई जिथे शिरू शकली तिथलाच हा टी-९० असतो. रकाना लहान पडतो, मग मी समासात लिहिते.