फाईफच्या कडक गवतावरून थ्री वूड

७ ऑगस्ट २०२१. भारतात भल्या पहाटे कित्येक घरांत पहिल्यांदाच टीव्हीवर गोल्फ लागलं होतं, कारण टोकियोला आदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. इथे स्कॉटलंडमध्ये तेव्हा मध्यरात्र होती. आदितीचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं आणि तिची गोष्ट जरा मागे पडली. लोकांनी तिच्या पटिंगचं, म्हणजे होलजवळच्या आखूड गवतावरून चेंडू घरंगळवत आत टाकण्याचं, कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण मला तिचा त्याआधीचा फटका जास्त बघण्यासारखा वाटतो. ती लांब मारणाऱ्यांतली नाही. सोबतच्या मुली जिथे आखूड आयर्न, म्हणजे जवळच्या फटक्याचा लोखंडी क्लब (गोल्फची काठी) काढत, तिथे तिला कितीदा तरी लांब मारण्याचं हायब्रीड किंवा वूड काढावं लागत होतं. आणि तेवढ्या लांबून, जमिनीवर पडलेला चेंडू ती ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या त्या आखूड गवतावर, नेत होती.

आज त्याच फटक्याबद्दल लिहिते आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फाईफ भागात राहायला आल्यापासून ज्या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं, ती म्हणजे फेअरवे वूड (फेअरवे म्हणजे ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) जमिनीवरून स्वच्छ मारणं. घरचे विचारतात, तिकडे गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ नाही का? इथे तरी नाही. फाईफमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या समुद्राकाठच्या जमिनीवर गावकऱ्यांना खेळण्याचा हक्क असल्याची नोंद १५५२च्या सनदेत आहे. शाळेतली मुलं पाठीवर बॅग टाकून बसने खेळायला येतात. रविवारी ओल्ड कोर्स या तिथल्या जुन्या गोल्फ मैदानावर खेळ बंद असतो आणि लोक तिथे कुत्री फिरवतात. शेजारीच स्त्रियांच्या पटिंग क्लबचं उंचसखल मैदान आहे. हा क्लब १८६७चा, आणि त्या मैदानाला सगळे हिमालय म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार आनंद झाला होता.

ज्यांनी गोल्फ खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. प्रत्येक होलचा (खेळाच्या एका टप्प्यालाही होलच म्हणतात) पहिला फटका टीवरून, म्हणजे छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून मारता येतो. पुढचे सगळे फटके चेंडू जिथे पडला तिथूनच. ग्रीन अजून दूर असेल तर फेअरवे वूड काढायचं. त्याचं डोकं आता बहुधा स्टीलचं किंवा टायटॅनियमचं असतं, पण लाकडाच्या काळातलं नाव चालूच आहे. थ्री वूडचं तोंड मागे साधारण १५ अंश कललेलं असतं, फाइव्ह वूडचं १८, सेव्हन वूडचं २१. या कलण्याला लॉफ्ट म्हणतात. थ्री वूडची दांडी साधारण ४३ इंचांची, सात नंबरच्या आयर्नची ३७च्या आसपास.

एवढी लांब दांडी, एवढा कमी लॉफ्ट आणि खाली खुंटी नाही. समोर चेंडू जमिनीला चिकटल्यासारखा दिसतो आणि मनात एकच विचार येतो, याला वर उचलायला हवं. मग माणूस मागे रेलतो, वजन उजव्या पायावर राहतं, हात वर खेचले जातात, आणि चेंडू फुरफुरत वीस-तीस यार्ड घरंगळतो. जगातल्या कुठल्याही कोर्सवर शनिवारी सकाळी उभं राहा, हे दृश्य दिसेल.

या भीतीवर मला सर्वांत उपयोगी पडलं ते साधं मोजमाप. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या चेंडूचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर वर. १५ अंश कललेलं तोंड चेंडूला नेमकं मध्यावर भेटत नाही, त्याच्या साडेपाच मिलिमीटर खाली भेटतं. म्हणजे जमिनीपासून साधारण १६ मिलिमीटरवर. आता थ्री वूडचं तोंड बघा. त्याची उंची ३५ मिलिमीटरच्या आसपास असते, तेव्हा तोंडाचा मध्य तळापासून १७-१८ मिलिमीटरवर येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की उत्तर समोरच आहे: चेंडू तोंडाच्या मधोमध लागायचा असेल तर क्लबचा तळ त्या क्षणी गवताला टेकलेलाच हवा. तो दीड-दोन सेंटिमीटर वर राहिला तर तोंडाची खालची कडा चेंडूच्या पोटात बसते आणि तोच तो घरंगळणारा फटका निघतो. चेंडू वर नेण्याचं काम लॉफ्टचं आहे, आणि ते तो न चुकता करतो, फक्त क्लब खाली यायला हवा.

तरी आयर्नसारखं जोरात खाली मारायचं नाही. आयर्नने चेंडूच्या पुढे गवताचा तुकडा निघतो, त्याला डिव्हट म्हणतात. वूडने जमीन खणली तर जोर तिथेच संपतो. रडारने मोजलेल्या नोंदींनुसार अमेरिकेच्या पीजीए टूर या स्पर्धामालिकेतल्या व्यावसायिक पुरुषांचा थ्री वूड चेंडूपर्यंत येताना साधारण तीन अंश खाली उतरत असतो. तीन अंश म्हणजे किती थोडं! नदीच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावून टप्पे काढताना हात जसा पाण्याच्या जवळून आडवा जातो, तसं हे आहे. दगड उभा टाकला तर बुडतो, फार वरून टाकला तर टप्पाच घेत नाही. ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर रविवारी चालताना नीट पाहिलं तर दोन्ही खुणा दिसतात. आयर्नच्या खळग्यांत वाळू भरलेली असते. वूडची खूण म्हणजे गवताची टोकं एका दिशेला झोपलेली, माती जवळपास शाबूत.

आता या जमिनीबद्दल. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोर्सना लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला हा वाळूचा पट्टा. त्यावर पाणी टिकत नाही, गवत बारीक पात्याचं, बरंचसं फेस्क्यू जातीचं, आणि ते अगदी आखूड. कोरड्या उन्हाळ्यात ते चक्क पिवळं पडतं. अशा गवतावर चेंडूखाली गादी नसते, तो जवळपास कडक जमिनीवरच बसतो. मऊ, दाट गवताच्या कोर्सवरून आलेले पाहुणे हे बघून वूड पुन्हा बॅगेत ठेवतात. माझं मत उलट आहे. वूड शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण ही जमीन लगेच आणि खरं सांगते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तर तो कडक जमिनीवरून उसळतो आणि फटका बिघडतो. बरोबर टेकला तर हाताला काहीच जाणवत नाही, फक्त एक छोटा घट्ट आवाज येतो, आणि चेंडू वाऱ्याखालून खूप पुढे जातो. उतरल्यावरही पळत राहतो.

म्हणूनच सरावाच्या जागच्या प्लास्टिकच्या चटईवर माझा विश्वास नाही. चटईवर क्लब मागे टेकला तरी घसरत पुढे येतो आणि चेंडू उडतो. मारणाऱ्याला वाटतं, जमलं. तीच व्यक्ती गवतावर गेली की गोंधळते. गंमत म्हणजे हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, ओल्ड कोर्सवरही फेअरवेवरचा चेंडू उचलून छोट्या चटईवर ठेवूनच मारावा लागतो, कारण थंडीत गवत वाढत नाही आणि खळगे भरून येत नाहीत. कोर्ससाठी ते आवश्यकच आहे. पण वूडचा खरा सराव मी एप्रिलनंतरच धरते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, काम संपवून, जेवूनसुद्धा खेळायला जाता येतं. फक्त समुद्रावरून येणारं धुकं, ज्याला इथे हार म्हणतात, आलं की दहा मिनिटांत ग्रीन दिसेनासं होतं.

हा फटका मला सर्वांत चांगला दाखवला तो सोबत खेळणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने. त्यांचा ड्रायव्हरचा, म्हणजे टीवरून मारायच्या सर्वांत लांब वूडचा, फटका दीडशे यार्डांच्या पुढे जात नाही. बॅगेत लांब आयर्न एकही नाही, पण फाइव्ह, सेव्हन आणि नाइन अशी तीन वूड्स. चेंडूपाशी जाण्याआधी त्या बाजूला उभ्या राहून दोनदा क्लब फिरवतात आणि कान देऊन ऐकतात. दोन्ही वेळा गवत घासल्याचा आवाज त्याच जागी आला तरच पुढे जातात, नाहीतर पुन्हा. मग चेंडूपाशी तोच, तेवढ्याच जोराचा फटका. जोर वाढवत नाहीत. पार-चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, लांब होलवर त्या दोन वूड मारून ग्रीनजवळ पोचतात आणि तरुण, ताकदवान पुरुष झुडपांत चेंडू शोधत असतात. शरीराची ताकद कमी असलेल्यांना, स्त्रियांना, वय झालेल्यांना हा फटका खेळात बरोबरीची जागा देतो. मला तो इतका मोलाचा वाटतो तो यासाठी.

प्रशिक्षकही शिकवताना करून घेतात, असा एक सोपा सराव त्या शिक्षिकेने मला दिला. चेंडू न ठेवता गवतावर रंगाची आडवी रेघ मारायची, रेघ डाव्या टाचेच्या दोन-तीन बोटं आत येईल असं उभं राहायचं (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलते आहे), आणि क्लब रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे घासला जाईपर्यंत तेच करायचं. मग तिथे चेंडू. तो ड्रायव्हरइतका पुढे नको, आयर्नसारखा मध्यावर नको, या दोहोंच्या मध्ये. फटका संपल्यावर सगळं वजन डाव्या पायावर आहे ना, उजव्या पायाचा नुसता अंगठा टेकला आहे ना, एवढं बघायचं. बाकीच्या सूचना विसरल्या तरी चालतात.

पूर्वी हे याहून अवघड होतं. सेंट अँड्र्यूजच्या ह्यू फिल्पसारखे कारागीर लाकडाची डोकी हाताने घडवत. पुढे तळाला पितळी पत्रा ठोकलेला क्लब आला, खडकाळ, कडक जागेवरून मारताना लाकूड फुटू नये म्हणून. त्याला ब्रासी म्हणत. आजच्या वूडचा तळ रुंद असतो आणि वजन खाली ठेवलेलं असतं, त्यामुळे चेंडू सहज वर निघतो. जुन्या काळातला अमेरिकी खेळाडू जीन सॅराझेन याच्याकडे हे काही नव्हतं. १९३५च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत ऑगस्टाच्या पार-पाचच्या पंधराव्या होलवर त्याने फोर वूडने २३५ यार्डांवरून दुसराच फटका थेट होलमध्ये घातला. तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून निघाली आणि बरोबरी सोडवण्यासाठी नंतर झालेल्या प्लेऑफमध्ये तो जिंकला.

मला स्वतःला अमेरिकेच्याच कोरी पेविनचा फटका जास्त जवळचा. १९९५ची यूएस ओपन, शिनेकॉक हिल्स, शेवटचं होल. पेविन त्या वेळच्या व्यावसायिकांत आखूड मारणारा. होल २२८ यार्डांवर. त्याने फोर वूड काढलं आणि चेंडू ग्रीनवर पळत पळत होलपासून जेमतेम पाच फुटांवर थांबला. चेंडू कुठे जातोय हे बघायला तो मागोमाग धावत गेला होता. त्यानंतरचा पटिंगचा छोटा फटका चुकला, तरी ग्रेग नॉर्मनला त्याने दोन फटक्यांनी मागे टाकलं.

वूड कधी काढू नये हेही सांगायला हवं. ओल्ड कोर्सचं चौदावं होल, ओपनच्या (ब्रिटनच्या मोठ्या खुल्या स्पर्धेच्या) टीवरून सहाशे यार्डांहून लांब. दुसऱ्या फटक्याच्या वाटेत हेल (म्हणजे नरक) नावाचा प्रचंड बंकर, वाळूचा खड्डा. १९९५च्या ओपनमध्ये जॅक निक्लॉसने तिथे अडकून त्या होलवर दहा फटके घेतले. इथे चेंडू सपाट, कोरड्या गवतावर असेल तरच बंकरवरून वूड मारण्याचा विचार करावा. उतारावर असेल तर फाइव्ह वूड, तेही डावीकडे पाचव्या होलच्या रुंद फेअरवेकडे. थ्री वूडचा हट्ट इथे फार महाग पडतो.

पुण्या-नाशिकला खेळणाऱ्यांनी नवीन सुरुवात थ्री वूडने करू नये, सेव्हन वूडने करावी. लॉफ्ट जास्त, दांडी आखूड, आणि यात कमीपणा काही नाही. डस्टिन जॉन्सनसारख्या लांब मारणाऱ्याने २०२०ची मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वूड होतं. मार्च ते मे आपल्याकडची जमीनही कडक असते, तेव्हाच गवतावर घासण्याचा सराव करा, जमल्यास चटई टाळून. पावसाळ्यात माती मऊ झाली की क्लब रुतायला लागतो, तेव्हा चेंडू पाव इंच मागे ठेवा आणि जोर थोडा कमी करा. चेंडूच मातीत अर्धा रुतलेला असेल तर वूड बॅगेत राहू द्या, आठ नंबरचं आयर्न काढा.