तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन चरबीला पाणी का म्हणतं?

"एवढं कोटीचं एमआरआय मशीन, आणि त्याला चरबी नि पाणी वेगळं कळत नाही?" नातेवाईक विचारतात, नवीन रेसिडेंट विचारतात, ऑर्थोवाले तर टोमणा म्हणूनच विचारतात. एकदाचं लिहून टाकतो.

कळतं हो त्याला. चरबीतला हायड्रोजन पाण्यातल्यापेक्षा किंचित हळू फिरतो, १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात सेकंदाला साधारण २२० फेऱ्यांनी मागे, म्हणून २.३ मिलिसेकंदाला दोघं उलट दिशेला आणि ४.६ ला परत एकत्र. दोन्ही वेळेला इमेज घ्या, बेरीज केली की पाणी, वजाबाकी केली की चरबी. डिक्सन नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये मांडलेलं हे गणित कागदावर इतकं सोपं आहे की राग येतो, कारण मशीनचं चुंबकीय फील्ड सगळीकडे सारखं नसतं. कुठे तेवढ्याच फरकाने घसरलं की तिथलं पाणी चरबीसारखं वागतं, मग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधत पुढे सरकतं, आणि एकदा चुकीच्या बाजूला गेलं की अख्खा तुकडा उलटा. दोन मांड्यांत मधे हवा असते ना, एक मांडी बरोबर आणि दुसरी पूर्ण स्वॅप (पाण्याच्या जागी चरबी, चरबीच्या जागी पाणी), असंही बघितलंय.

पण विचारणाऱ्यांना मांडी आठवत नाही, आमच्याकडे आलेल्या एक आजी आठवतात. आधी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला, पाठ दुखते म्हणून स्पाइन. वॉटर इमेजमध्ये खालचे दोन मणके पांढरे फटक, कॅन्सर पसरल्यासारखे. खरं सांगतो, कन्सोलवर माझ्याही पोटात गोळा आला. पण त्याच पट्ट्यात मणक्यांच्या नळीतलं पाणी काळं होतं आणि फॅट इमेज उघडली तर ते तिकडे पांढरं चमकत होतं, स्टरमध्ये (चरबी दाबणारा दुसरा स्कॅन) मणके शांत, म्हणजे आजार नाही, तुकडाच उलटा. मी रेडिओलॉजिस्टना लगेच सांगितलं, पण रिपोर्ट टाइप व्हायच्या आत मुलगा फिल्म घेऊन कुठल्याशा ओपीडीत पोचला होता, फिल्मवर आमच्याकडे तेव्हा फक्त वॉटर छापायचे, तिथे कुणीतरी "पसरलंय" म्हणून मोकळं झालं. रिपोर्ट सकाळी गेला. मुलगा माझ्यावर ओरडला नाही, नुसतं विचारलं, मग रात्री आईला मी जे सांगितलं त्याचं काय करू?

पूर्वी मी म्हणायचो, कशाला हे लफडं, सरळ स्टर लावा. पण गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) दिल्यावर स्टर चालत नाही, कॉन्ट्रास्ट घेतलेली गाठसुद्धा चरबीबरोबर दबू शकते, आणि मानेला साधं फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबायची नेहमीची पद्धत) लावून बघा, छातीजवळ अर्धी चरबी तशीच पांढरी राहते. तिथे डिक्सनच तारतं. मग तो जुना मी चूक होता का? त्या आजींपुरता नव्हता.

हल्ली मी फॅट इमेजही फिल्मवर टाकतो. परवाच विचारणा झाली, ही जास्तीची फिल्म कोणाच्या खर्चाने?