चंदेरी मारुत, १/७२

टामिया, एअरफिक्स, हासेगावा या मॉडेल किट बनवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगांत स्पिटफायर आणि मस्टँग ही विमानं पानोपानी सापडतात. आपलं भारतीय जेट लढाऊ विमान, एचएफ-२४ मारुत, सापडत नाही. प्लास्टिकचं किट काढायचं तर पोलादी साचा कापावा लागतो आणि त्याचा खर्च हजारो डबे खपले तरच वसूल होतो. रेझिनचं तसं नाही. एखाद्या कारागिराने मूळ नमुना हाताने घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात दोन भाग मिसळलेलं पॉलियुरेथेन ओतायचं. काही डझन नग निघाले की रबर फाटायला लागतं, मग नवा साचा. जगात मारुत हवं असलेली माणसं मोजकीच असली तरी एवढ्यावर भागतं. त्या मोजक्यांत मी आहे.

मी नाशिकला डेंटल लॅब चालवते. कवळ्या, क्राउन, ब्रिज. दिवसभर माझ्या हातात दातांचे ठसे, मेण, ॲक्रिलिक आणि मायक्रोमोटर, म्हणजे कोरायचं बारीक फिरतं यंत्र, असतं. त्यामुळे रेझिनच्या किटशी माझी ओळख व्हायला वेळ लागला नाही. पंखाच्या मागच्या धारेवर बुडबुडे दिसले की कळतं, साचा कोणत्या बाजूने भरला आणि हवा कुठे अडकली. ओतण्याच्या जागी राहिलेला जाड ठोकळा म्हणजे आमच्याकडच्या स्प्रूचा, ओतण्याच्या वाटेत उरणाऱ्या दांडीचा, भाऊ. तो कापायचा तर घाई चालत नाही. बारीक दातांच्या करवतीने, भागापासून मिलिमीटरभर दूर राहून कापायचा आणि उरलेलं घासून काढायचं.

पण त्याही आधी आंघोळ. साच्यातून भाग सुटावा म्हणून सिलिकॉन फवारलेलं असतं. त्याचा तेलकट थर राहिला तर रंग महिन्याभराने सालपटासारखा निघतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना मऊ ब्रश, आणि मग रात्रभर सुकवणं. घासायचं तेही ओलंच, वॉटर पेपरने. रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसात जाऊ देऊ नये. लॅबमध्ये आम्ही सक्शनशिवाय मशीन चालू करत नाही, तोच नियम इथेही. मास्क लावाच. यावर माझ्याशी वाद घालू नका.

मारुत मुळात देखणं विमान आहे, आणि ते देखणेपण वरून दिसतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरं मारुत ठेवलेलं आहे. मी ते पाहायला खास मुंबईला गेले, भरपूर फोटो काढले. पण जमिनीवर उभं राहून विमान बघितलं की पोट दिसतं, चाकं दिसतात, नाक दिसतं. पाठ दिसत नाही. मॉडेल तळहातावर धरलं आणि वरून पाहिलं, तेव्हा कंबर दिसली. पंख जिथे सुरू होतात तिथे धड आत जातं आणि पंख संपत आले की पुन्हा भरतं.

ही कंबर शोभेची नाही. ध्वनीच्या वेगाजवळ विमानाला होणारा हवेचा विरोध त्याच्या एकूण छेदाचं क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत किती सावकाश बदलतं यावर ठरतो. पंख आले की छेद एकदम वाढतो, म्हणून तेवढी जागा धडाने सोडायची. एरिया रूल म्हणतात तो हाच. वाचून मला तो माहीत होता, पण बोटांना कळला तो धडाचे दोन भाग चिकटवून सांधा घासताना. पेपरला सपाट ठोकळ्याचा आधार दिला असता तर ती कंबर घासून सरळ झाली असती. म्हणून मी पेपर बोटाभोवती गुंडाळला आणि जिथे वळण तिथे बोट, असं करत गेले. दर काही हातांनंतर डोळे मिटून अंगठा फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा अंगठ्याला लागतो. क्राउनची कड दाताशी जुळली की नाही हे टोकदार प्रोबने तपासतात, तसंच.

हे वळण काढणारा माणूस कुर्ट टांक. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं फोके-वुल्फ १९० त्याचंच. युद्धानंतर तो अर्जेंटिनाला गेला, तिथे पुल्की-२ नावाचं जेट केलं आणि १९५६ मध्ये भारतात आला. बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याच्याबरोबर काही जर्मन सहकारी होते, बाकी सगळे आपले तरुण इंजिनिअर. मॉडेल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यांनी केली. विमान बनवण्याआधी त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर बांधलं आणि १९५९ मध्ये डाकोटा विमानाच्या मागे बांधून आकाशात नेऊन सोडलं. आकार बरोबर आहे का, हे आधी बिनइंजिनाच्या मॉडेलवर तपासलं! १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खऱ्या मारुतचं पहिलं उड्डाण केलं. युरोप, अमेरिका, रशियाबाहेर त्या काळात स्वतःचं जेट लढाऊ विमान उडवणारे देश फार थोडे होते.

आकार ध्वनीच्या पुढे जाण्यासाठी होता, इंजिन मात्र आलं नाही. ठरलं होतं आफ्टरबर्नर, म्हणजे मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, असलेलं ऑर्फियस १२. ब्रिटनमध्ये ते काम बंद पडलं आणि पुढच्या विकासाचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही. मग नॅट विमानासाठी आपल्याकडे आधीच बनत असलेल्या ऑर्फियसवर भागवावं लागलं. ऑर्फियस ७०३, प्रत्येकी साधारण २२०० किलोची ढकल, अशी दोन. इजिप्तमध्ये तयार होत असलेलं ई-३०० इंजिनही एका मारुतमध्ये बसवून तिकडे उडवून पाहिलं, तेही पुढे गेलं नाही. मारुत शेवटपर्यंत ध्वनीच्या उंबरठ्यावरच राहिलं. पुष्कळ लोक इथे थांबतात आणि त्याला फसलेलं विमान म्हणतात. मला हे पटत नाही. प्रशिक्षणाची धरून १४७ विमानं तयार झाली. दहावी, दोनशे विसावी आणि एकतिसावी अशा तीन स्क्वाड्रननी ती वापरली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुत जमिनीलगत उडून रणगाडे, रेल्वे आणि तोफा यांच्यावर तुटून पडत होती. जमिनीवरच्या माऱ्यात एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर तळ गाठल्याची उदाहरणं त्या युद्धात आहेत. हवेतल्या लढाईत एकही मारुत पडलं नाही. बनवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. कमी पडलं ते इंजिन मिळवून देणं.

मॉडेलकडे वळते. १५.८७ मीटर लांबीचं विमान ७२ पटींनी लहान केलं की २२ सेंटीमीटर होतं, पंखांचा पसारा साडेबारा. हातात घेतलं की जड लागतं, कारण पंख भरीव. म्हणूनच नुसत्या फेव्हिक्विकवर पंख चिकटवून भागत नाही. प्लास्टिकचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोड एकजीव करतो, रेझिनला तो काहीच करत नाही. इथे सायनोॲक्रिलेटच, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंदच, लागतं, आणि ते ओढ सहन करतं पण आडवा धक्का लागला की कटकन सुटतं. त्यामुळे पंखाच्या मुळाशी आणि धडात समोरासमोर भोकं पाडून पितळेच्या तारेचे खुंट घातले. पोस्ट अँड कोअर करताना आम्ही दाताच्या मुळात पिन घालतो, कारण तेच आहे. एक पंख टोकाकडे किंचित वर उचललेला होता. गरम पाण्यात धरला, मऊ झाल्यावर काचेवर दाबून ठेवला, वरून गार पाणी. सरळ.

नाकातल्या चार ३० मिलिमीटर ॲडन तोफांच्या खाचा किटमध्ये उथळ होत्या. त्या लॅबमधल्या सगळ्यात बारीक गोल बरने, मायक्रोमोटरला लावायच्या कोरणीने, खोल केल्या, वेग अगदी कमी ठेवून. हवा आत घेणाऱ्या तोंडांत अर्धे शंकू असतात, त्यांच्या मागे अंधार दिसावा म्हणून आतून काळा मॅट रंग. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, व्हॅक्युमवर ओढलेल्या पातळ प्लास्टिकच्या शीटची येते. तिच्या आतून ब्लू-टॅक, मातीसारखा चिकट गोळा, दाबून भरायचा, म्हणजे कापताना ती पिचकत नाही. नवं ब्लेड, आणि एका फटक्यात कापायचा मोह नको. त्याच रेषेवरून अलगद पुन्हा पुन्हा. चिकटवताना फेव्हिक्विक वर्ज्य, त्याच्या वाफेने काच दुधाळ होते. पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

रंगाचं ठरवायला मला वेळ लागला. युद्धातलं छद्मरंगाचं मारुत बहुतेकांना ओळखीचं. मला हवं होतं सुरुवातीच्या काळातलं, रंग न दिलेलं, उघड्या ॲल्युमिनियमचं. कंबर त्यावर सगळ्यात छान दिसते, कारण चकाकणाऱ्या पृष्ठभागावर वळणाबरोबर उजेड वळतो.

माझे काका ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात शीट मेटलला होते. त्यांच्या हातून मिग गेली, मारुत नाही; ते बेंगळुरूचं काम. तरी पत्रा तो पत्रा. प्रायमर मारलेलं मॉडेल घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "काका, याला सगळीकडे एकच चंदेरी मारू ना?"

"अगं, एक कसा असेल? एका शीटचा रंग दुसऱ्याला लागत नाही. रोलिंगची दिशा बदलली की चमक बदलते. आणि इंजिनापाशी ॲल्युमिनियम टिकत नाही, तिथे वेगळा धातू." मग मॉडेल उलटं करून बराच वेळ बघत राहिले. "झाकणं रोज काढघाल होतात ना, तिथे हात लागून लागून पत्रा काळवंडतो. ते दाखव."

ते दाखवलं. आधी राखाडी प्रायमर, तो १५०० च्या ओल्या पेपरने गुळगुळीत. धातूच्या रंगाखाली केसाएवढा ओरखडासुद्धा ओरडून सांगतो, म्हणून प्रायमर, घासणं, पुन्हा प्रायमर असं चालतं. त्यावर चकचकीत काळा. काळ्यावर ॲल्युमिनियमचा लॅकर, म्हणजे थिनरमधला झटकन वाळणारा रंग, एअरब्रश या रंग फवारणाऱ्या पेनाने कमी दाबावर, धुक्यासारखा. काळा जितका चकचकीत तितका धातू खरा वाटतो. काळा खरखरीत राहिला तर वर नुसता राखाडी रंग दिसतो. पहिला थर वाळल्यावर काही पॅनेलं टेपने झाकून शेजारच्यांवर थोडा गडद ॲल्युमिनियम, काहींवर फिकट. टेप आधी तळहाताला लावून तिचा चिकटपणा मारून घ्यायचा, नाहीतर ती खालचा लॅकर उचलते. शेपटीकडे दोन इंजिनांच्या नळकांड्यांभोवती स्टील, मग अगदी पातळ निळसर आणि तपकिरी. काकांनी सांगितलेली झाकणं सगळ्यात शेवटी, थेंबभर काळपट तपकिरी ऑइल कलर थिनरमध्ये पातळ करून, कडेला लावून पुसून काढला. फोटोत हे फारसं येत नाही. हातात धरून खिडकीपाशी फिरवलं की एक पॅनेल उजळतं, शेजारचं विझतं.

हे सगळं पावसाळ्याआधी उरकलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लॅकर मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. कॉम्प्रेसरच्या पाइपमध्येही पाणी साठतं. पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप नसेल तर एअरब्रश मधेच थेंब थुंकतो. उलट सायनोॲक्रिलेटला दमट हवा मानवते, ते झटकन धरतं. म्हणून माझी वर्षाची वाटणी अशी: पावसात जोडकाम, दिवाळीनंतर रंग. मुंबई-कोकणातल्या मित्रमंडळींनी तर ही वाटणी भिंतीवर लिहून ठेवावी.

डीकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांत, एकच गोष्ट जपायची. आपल्या हवाई दलाचं वर्तुळ बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. केशरी छपाई पातळ असते आणि खाली चंदेरी आलं की मळकट दिसते. मी जुन्या डीकलच्या कागदातून तेवढ्याच आकाराच्या पांढऱ्या चकत्या कापून आधी त्या लावल्या, वाळल्यावर वर वर्तुळं. केशरी आता खुलून दिसतं. नाजूक जागी पाणी नीट निथळावं म्हणून ओल्या कापसाने मधून कडेकडे दाबत जायचं, बोटाने नाही.

आता टेबलावर दुसरं मारुत येतंय, दोन सीटचं प्रशिक्षण विमान. एवढी जाडजूड भर न घालता दुसरी सीट कुठून आली हे मला नेहमी कोड्यात टाकायचं. एक सीटच्या मारुतमध्ये धडात ५० रॉकेटांचा खाली उघडणारा पॅक होता. प्रशिक्षण विमानात तो काढून त्या जागी दुसरा वैमानिक बसवला. म्हणजे बाहेरचा आकार बहुतेक तसाच ठेवून मला कॉकपिट मागे कोरत न्यायचं आहे, आणि लांब कॅनॉपी स्वतः ओढायची आहे. तिच्यासाठी लाकडाचा साचा घासायला घेतलाय. लॅबमध्ये स्प्लिंट बनवायला वापरतो ते व्हॅक्युम फॉर्मिंग मशीन आहेच, शीटही एक मिलिमीटरची आहे. ती जाड होईल असं वाटतंय, म्हणून अर्ध्या मिलिमीटरची मागवली आहे.